कानाला पोचलेला हात

तांबडं फुटायच्या आत सारजा सरीत उतरली, तेव्हा पाणी इतकं गार होतं की पहिल्या पावलाला तिच्या तोंडून शिवीच गेली. सुरू हंगामाच्या उसाची लागण चालली होती. पुढची बाई पाण्यात उसाच्या कांड्यांची टिपरी टाकत जायची आणि मागून सारजा ती पायानं चिखलात दाबत यायची. दाबताना उसाचा डोळा बाजूला राहिला पाहिजे. खाली गेला तर उगवण होत नाही आणि मालक बांधावरून ओरडतो. बारा वर्षं हे काम केलेल्या बाईच्या तळव्याला आता डोळा न बघता कळत होता.

"आज पाय लई पळत्यात गं तुझं," टोळीची मुकादमीण भागूबाई मागून म्हणाली. "धाला सुट्टी पायजे म्हनून व्हय?"

"व्हय. लेकीचा निरोप समारंभ हाय. भाषान बी हाय तिचं."

"बारावी झाली म्हन की. साडी नेसलीया का?"

"माझीच. काठापदराची."

"मग काय, आता उजवून टाक. साडी नेसली की पोर मोठी झाली."

"अठरा झाल्याबिगर न्हाय," सारजा म्हणाली. "सरकारचा कायदा हाय."

हे वाक्य तिनं तीन वर्षं दाराला कुलूप लावावं तसं वापरलं होतं. नणंद आली, कुलूप. दीर आला, कुलूप. नवऱ्यानं, सिद्धूनं, एकदा जेवताना विषय काढला, तेव्हाही तेच. कायद्याला बायका भीत नाहीत, पण बाप्ये भितात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शेजारच्या गावात पोलिसांनी बोहल्यावरून नवऱ्यामुलाला उचलून नेलं होतं, तेव्हापासून तर तिच्या वाक्याला सोन्याचा भाव आला होता. ती वर्षं भोगीवर मोजायची. रोहिणी भोगीची. गेल्याच महिन्यात सोळावी भोगी झाली. म्हणजे अजून दोन. दोन वर्षांत पोरगी नर्सिंगला लागून अर्धी नर्स झालेली असेल, मग कोण काय करतंय, असा तिचा हिशेब होता.

दहाला ती बाहेर आली. पाटाच्या पाण्यात पाय घासले, पण भेगांतला चिखल काही निघाला नाही. तशीच लुगडं झाडून शाळेसाठी बावड्याच्या रस्त्याला लागली. उसाच्या गाड्या एकामागून एक कारखान्याकडं चालल्या होत्या. एका गाडीमागं लोंबलेलं उसाचं वाढं तिच्या खांद्याला चाटून गेलं आणि ती एकटीच हसली. तिला त्या दिवशी कशाचंही हसू येत होतं.

शाळेच्या पटांगणात हिरव्या जाळीचा मांडव घातला होता. अकरावीची पोरं वडापावच्या पाट्या वाहत होती. बारावीच्या मुलांनी पांढरे शर्ट आणि काळे गॉगल घातले होते, जसं काही परीक्षा नाही, सिनेमाच द्यायचाय. मुली मात्र साडीत अवघडून, पदराच्या पिना चाचपत, एकमेकींना सावरत चालत होत्या. त्यांत सारजेला आपली रोहिणी आधी ओळखूच आली नाही. ओळखली ती साडीवरून. पोरगी देखणी दिसत होती, आणि आईला देखणेपणाची थोडी भीतीच वाटते.

सारजा बायकांच्या रांगेत टोकाच्या खुर्चीवर बसली आणि तिनं पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

तेवढ्यात तिला सिद्धू दिसला. धुवट धोतर, नवी टोपी. लागणीला जाताना तिनं "या टायमाला" म्हणून सांगितलं होतं, पण हा येईल असं काही तिला वाटलं नव्हतं. आला तो आला, आणि बरोबर तीन माणसं घेऊन आला. मधला जाडजूड, हातात घड्याळ, सगळ्यांच्या आधी खुर्ची मिळणारा. त्याचं नाव दादासाहेब, हे सारजेला माहीत होतं. त्याचा मुलगा शंभूराज लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत कंपनीत कायम झालाय, हेही नणंदेनं तीनदा ऐकवलं होतं. म्हणजे ही माणसं समारंभाला आली नव्हती. साडीतली पोरगी आयती बघायला मिळते, चहापोह्याचा खर्च नाही, म्हणून आली होती.

सारजेला राग आला, पण ती घाबरली नाही. बघा म्हणाली मनात, डोळं फुटंस्तोवर बघा. दोन वर्सांनी या.

रोहिणी बोलायला उठली. आधी आवाज कापला, मग स्थिर झाला.

"आमच्या वर्गाच्या खिडकीखालून उसाच्या गाड्या जातात," ती म्हणाली. "गाडी गेली की सर बोलायचे थांबतात. तेवढ्या वेळात आम्ही शेजाऱ्याच्या वहीत उत्तर बघून घेतो. म्हणजे आमच्यातल्या निम्म्या मुलांना कारखान्यानं पास केलंय."

पटांगण हसलं. गणिताचे सरही हसले.

"मी पहिलीला गेले तेव्हा मला काही येत नव्हतं. सगळ्यांत बारकी मीच. बाकावर बसले की पाय लोंबायचे. आईनं मला शाळेत घातलं आणि ती उसात गेली. त्या दिवसापासून आजपर्यंत मी शाळेत आहे आणि ती उसात आहे. मला नर्स व्हायचंय. बारामतीला. मग ती उसातून बाहेर येईल."

सारजेनं पदर तोंडाला लावला. शेजारची बाई तिच्या गुडघ्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाली, ते तिला ऐकू आलं नाही. मागून दादासाहेबांचा आवाज मात्र स्वच्छ आला.

"धीट हाय, सिद्धूराव. उंचीलाबी बरी हाय."

बाजारात मेंढी घेताना दात बघून माणूस असंच बोलतो. सिद्धूनं आयुष्याची तीस वर्षं मेंढरं वळली होती, त्याला ते कळायला हवं होतं. तो मान डोलवत होता.

पेढे वाटून झाले तसा सिद्धू तिच्याकडं आला. "आफिसात ये वाईच. पावन्यांना कागूद बघायचाय."

"कसला कागूद?"

"वयाचा. आजकाल बघूनच घ्येत्यात. पोलिसांचं लफडं नगं त्यांस्नी."

"बघू द्या की," सारजा म्हणाली. तिला वाटलं, बरं झालं. एकदाचं कागदावरच बघतील आणि दोन वर्षं तोंड घेऊन येणार नाहीत. ती खरंच उत्साहानं गेली. आपल्याच पायांनी गेली.

ऑफिसात सोमनाथ क्लार्कनं मोठं रजिस्टर काढलं, बोट फिरवलं आणि वाचलं, "रोहिणी सिद्धू मारकड. जन्मतारीख एक जून दोन हजार सात." मग पेन कानावर ठेवत दादासाहेबांना सोपं करून सांगितलं, "म्हंजे येत्या एक जूनला अठरा पूर्ण."

"मंग पाच जूनची तिथ धरू," दादासाहेब म्हणाले. "रविवारी सुपारी फोडू. तेवढा बोनाफाईड लिहून द्या, साहेब."

"मॅडमची सही झाली की देतो."

सारजा उभीच होती. तिला वाटलं, क्लार्कनं दुसऱ्याच पोरीचं नाव वाचलं. पण नाव रोहिणीचंच होतं. कानात मोटार चालू झाल्यासारखा आवाज येऊ लागला. पायांवरचा चिखल वाळून कातडी ओढत होता, तेवढंच काय ते तिला कळत होतं. तिला "सोळा" म्हणायचं होतं. आणि मग तिला तो जून महिना आठवला.

बारा वर्षं झाली त्याला. सिद्धू मेंढरं घेऊन बाहेर होता. ही एकटी, पदरात चार वर्षांची पोर. कामाला जावं तर पोर बांधावर, बांधाच्या पलीकडं कालवा. अंगणवाडीची बाई दहाला कुलूप उघडायची आणि बाराला लावायची. त्याच उन्हाळ्यात शेजारच्या वस्तीवरचं एक पोरगं कालव्यात गेलं, ते दोन दिवसांनी जाळीला अडकलेलं सापडलं. सारजा दुसऱ्या दिवशी रोहिणीला काखोटीला मारून मराठी शाळेत गेली. तिथं पाचपर्यंत पोरं ठेवतात, दुपारी खिचडी देतात, आणि भोवती भिंत आहे.

"वय?" गुरुजींनी विचारलं.

"सा पुरी."

गुरुजींनी पोरीकडं बघितलं. दाखला होता कुठं? मेंढरांमागं रानात जन्मलेली पोर. मग त्यांनी जुनी रीत केली. उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावायचा. पोचला तर सहा वर्षांची. रोहिणीचा हात डोक्याच्या मधोमध येऊन थांबला. गुरुजी कुणाशी तरी बोलायला वळले, तेवढ्यात सारजेनं पोरीच्या मानेवर हात ठेवला आणि मान वाकवली. बोटं कानाला टेकली.

"पोचला की, गुर्जी."

गुरुजींनी हसून एक जून लिहिलं. निम्म्या गावाचा वाढदिवस एक जूनलाच असतो. सालाचं कुणी मनावर घेतलं नाही. सारजेनं तर नाहीच. तिला वाटलं, एका दिवसापुरतं सांगितलंय, दाराच्या आत जाण्यापुरतं. तोंडातून निघालेला शब्द कागदावर बसतो आणि दरवर्षी पोरीबरोबर पुढच्या वर्गात जातो, हे तिला कोण सांगणार? तिनं ज्या कायद्याच्या जिवावर तीन वर्षं काढली, त्याच्या कुलपाची किल्ली तिनंच बारा वर्षांपूर्वी देऊन ठेवली होती.

तिनं सिद्धूला लिंबाच्या झाडाखाली गाठलं.

"आवं, ती सोळाची हाय. तुमाला ठावं न्हाय व्हय?"

"ठावं हाय की," सिद्धू शांतपणे म्हणाला. "मला न्हाय तर कुनाला असंल?"

सारजा त्याच्याकडं बघतच राहिली. तिला वाटलं होतं, हा विसरला असेल. विसरलेल्या माणसाला आठवण करून देता येते. ह्याचं काय करायचं?

"कागूद काय म्हंतोय ते वय," तो म्हणाला. "तूच लिवून दिलंस. म्या न्हाय गेलो शाळंत. आन् पोरगं कंपनीत परमनंट हाय, सारजे. वावरात राबायचं न्हाय तिला, चिखूल तुडवायचा न्हाय. मेंढरं इकून बसलेला मानूस म्या, आनखी कुठलं स्थळ आनू? तू पंधराची आलीस माझ्या घरात. मेलीस का?"

"म्या न्हाय मेले," सारजा म्हणाली. "पयलं लेकरू वरंध्याच्या घाटात कुठं पुरून ठिवलं, इसरलासा? सोळाची हुते म्या तवा."

सिद्धूनं टोपी काढली, परत घातली. मांडवातून दादासाहेबांनी हाक मारली तसा तो निघून गेला.

सारजा थेट मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेली. ज्योत्स्ना मॅडम एकेक प्रवेशपत्र वाटत होत्या आणि शेवटची उभी होती रोहिणी. सारजेनं दार लावलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मान वाकवली तेही सांगितलं. सांगताना तिचा हात आपोआप हवेत वाकला.

रोहिणीनं हातातलं प्रवेशपत्र टेबलावर ठेवलं.

"म्हणजे मी सोळाची?" ती म्हणाली. "आई, मी तीन वर्षं एक जूनला भिऊन होते. तू अठरा अठरा म्हणायचीस आणि मला वाटायचं, तुला माहितीय, अठरा भरतील त्या एक जूनला तुझं बोलणं संपणार. तुला अजून दोन वर्षं वाटत होती?"

"व्हय."

"मग विचारलं का नाहीस कधी? तुला कुणी सांगितलं होतं खोटं बोलायला?"

"कालव्यानं," सारजा म्हणाली. आणि ती शाळेत, मॅडमच्या टेबलापुढं, भडभडून रडली.

ज्योत्स्ना मॅडमनी तिला बसवलं. त्या मूळच्या इंदापूरच्याच, वीस वर्षांत अशा एक जूनच्या पोरी त्यांनी खूप पाहिल्या होत्या. पण आईनं स्वतः येऊन खोटं कबूल केल्याचं पहिल्यांदाच पाहत होत्या. त्यांच्या टेबलावर सोमनाथनं सहीसाठी ठेवलेला बोनाफाईड होता. तो त्यांनी पालथा घातला.

"नाव पटावर आहे तोवर तारीख दुरुस्तीचा अर्ज देता येतो," त्या म्हणाल्या. "अर्ज आला की चौकशी होईपर्यंत मी या कागदावर सही करणार नाही. पण रोहिणी, तूही ऐक. परीक्षा तू देशील, ते मी बघते. नर्सिंगला मात्र एकतीस डिसेंबरला सतरा पूर्ण लागतात. खरा जन्म कधीचा?"

"दोन हजार नऊ. भोगी," सारजा म्हणाली.

"म्हणजे तेरा जानेवारी."

रोहिणीनं बोटांवर मोजलं. परत मोजलं. तिचा चेहरा पांढरा पडला.

"तेरा दिवस," ती म्हणाली. "मॅडम, तेरा दिवस कमी पडतात. या वर्षी फॉर्मच भरता येणार नाही."

सारजेला आकडा कळला नाही, पण पोरीचं तोंड कळलं. लग्न मोडायला आली आणि नर्सिंगही मोडलं. "ऱ्हाऊ द्या मग," ती घाईघाईनं म्हणाली. "दुसरं कायतरी करू. ऱ्हाऊ द्या अर्ज."

"दुसरं काय?" रोहिणीनं विचारलं.

रोहिणीनं डोळे पुसले, काजळ गालभर झालं. मग तिनं टेबलावरचा कोरा कागद ओढला, साडीचा पदर खोचला आणि खुर्चीत बसली. तिचं अक्षर शाळेत पहिलं होतं.

"एक वर्ष जाईल," ती म्हणाली. तिचा आवाज अजून रागाचा होता. "सांग. कुठं जन्मले मी?"

पोरीला हे कधी कुणी सांगितलंच नव्हतं. सारजा सांगू लागली. महाडच्या पुढं, भात काढलेल्या खाचरात खतासाठी मेंढरं बसवली होती. त्याच खाचरात. सासू होती जवळ, ती आता नाही. दाखला नाही, डॉक्टर नाही.

"बघितलेलं हयात कुणी?" मॅडमनी विचारलं. "साक्षीदार लागेल."

एकच माणूस हयात होता, आणि तो मांडवात सुपारीची बोलणी करत होता. तेवढ्यात दार ढकललं गेलं. सिद्धूच होता. कागदाला इतका वेळ का, म्हणून दादासाहेबांनी पाठवला असणार. टेबलाशी पोर लिहीत बसलेली बघून तो उंबऱ्यातच थांबला.

रोहिणीनं वर पाहिलं नाही. "वेळ सांग, आई."

"दिस उगवायला," सारजा म्हणाली.

"उगवायला न्हवं," सिद्धू म्हणाला. "मावळायला. मेंढरं नुकती वाघरात कोंडली हुती, जाळं लावून माझं हात बी धुयाचं हुतं."

बोलून गेला आणि मग आपणच साक्ष दिली हे त्याच्या ध्यानात आलं. तो मॅडमकडं बघत राहिला, मग सारजेकडं. तोंड तसंच उघडं. बायको चुकीचं सांगतेय एवढंच त्याला सहन झालं नव्हतं. त्या संध्याकाळची एक गोष्टही इकडची तिकडं झालेली त्याला चालणार नव्हती.

रोहिणीचं पेन थांबलं. "आबा," तिनं हळूच विचारलं, "नाळ कुणी कापली माझी?"

बाहेर दादासाहेबांच्या जीपचा हॉर्न वाजला. सिद्धूनं मागं वळून पाहिलं नाही. साडीत बसलेल्या, गालभर काजळ झालेल्या पोरीकडं तो पहिल्यांदाच बघत असल्यासारखा बघत होता.

"म्या," तो म्हणाला. "लोकरीच्या कातरीनं. माझ्या आयनं उकळून दिली हुती. रडली न्हाईस तू. आमी म्हनलं, हिबी गेली." त्यानं दोन्ही हात पुढं धरले, त्यांत वीतभर अंतर ठेवलं. "येवढी हुतीस."

मॅडमनी काही न बोलता कागद त्याच्याकडं फिरवला आणि खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. सिद्धू टेबलाशी आला. पेन त्यानं काठी धरावी तसं मुठीत धरलं. सही करायला त्याला फार वेळ लागला. खाली सारजेनं अंगठा उठवला. तो उसाच्या चिखलानं आधीच काळा होता, तरी तिनं शाईत नीट दाबून उठवला.

हॉर्न पुन्हा वाजला, या खेपेला लांबलचक.

"पावन्यांना काय सांगू आता?" सिद्धूनं विचारलं. त्याचा आवाज एकदम म्हातारा झाला होता.

सारजेनं अंगठा लुगड्याला पुसला.

"सांगा," ती म्हणाली, "आमच्या पोरीचा हात अजून कानाला पोचत न्हाय."